पुस्तकाची बातमी कशी द्यावी: रहस्य, भय, विज्ञानकथा स्वतः काढणाऱ्यांसाठी

माझी पहिली रहस्यकादंबरी मी स्वतःच काढली, आणि तिची बातमी दिली ती अशी: ‘कळवण्यास अत्यंत आनंद होतो की माझी पहिली कादंबरी लवकरच आपल्या भेटीस येत आहे. आपल्या शुभेच्छा असू द्याव्यात.’ शुभेच्छा भरपूर आल्या. पुस्तक कशाबद्दल आहे, कधी येतंय, कुठे मिळेल, हे मात्र एकानंही विचारलं नाही. विचारावं असं मी काही सांगितलंच नव्हतं. साधी निमंत्रणपत्रिका बरी, तिच्यात निदान वेळ आणि पत्ता असतो.

त्यानंतर चार पुस्तकं झाली. पाठीशी प्रकाशक नसलेल्या, रहस्य, भय, विज्ञान, अद्भुत किंवा प्रणयकथा लिहिणाऱ्या नवख्या लेखकानं बातमी कशी द्यावी, ते या अनुभवावरून क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: बातमी आहे का, ते तपासा

एक सोपी चाचणी. सांगायच्या मजकुराखाली हे वाक्य पूर्ण करून बघा: ‘म्हणून आता तुम्ही … शकता.’ पहिलं प्रकरण वाचू शकता. आगाऊ प्रत मागू शकता. पुस्तक नोंदवू शकता. रिकामी जागा भरली, तर बातमी आहे. ‘आज दोन हजार शब्द झाले’ यावर वाचकानं काय करायचं? ‘छान’ म्हणायचं आणि पुढे जायचं. असं कधीमधी लिहायला हरकत नाही, पण त्याला बातमी समजू नका आणि त्यासाठी कुणाच्या ईमेलच्या पेटीत शिरू नका.

बातमी होण्यासारख्या गोष्टी तशा मोजक्याच असतात: मुखपृष्ठ, नमुना प्रकरण, आगाऊ प्रती, प्रकाशनाची तारीख, प्रकाशन, ऑडिओ किंवा छापील आवृत्ती, मालिकेचा पुढचा भाग. एका पुस्तकामागे पाच-सहा पत्रं. तेवढी पुरतात.

दुसरी पायरी: तारीख सांगायची घाई करू नका

माझी सगळ्यात महाग चूक हीच. दुसऱ्या कादंबरीचा शेवटचा एक तृतीयांश भाग लिहायचा होता, तरी उत्साहात तारीख जाहीर केली. पुनर्लेखनात लक्षात आलं की खुनी म्हणून जो माणूस उभा केलाय त्याला खून करायला वेळच मिळत नाही. खुनी बदलला, मग त्याच्यामागची अकरा प्रकरणं बदलली. तारीख एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली. तिसरी तारीख खरी होती, पण तोवर ती कुणी मनावर घेईना.

तेव्हापासूनचा माझा नियम: मुद्रितशोधनाहून प्रत परत आल्याशिवाय तारीख नाही. तोवर ‘संपादन चालू आहे’ एवढंच.

हे फक्त नवख्यांनी पाळायचं असंही नाही. अमेरिकी अद्भुतकथा-लेखक ब्रँडन सँडरसन यांनी मार्च २०२२मध्ये चार नव्या कादंबऱ्यांची घोषणा करून किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वाचकांकडून ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. त्या आकड्याची चर्चा खूप झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: घोषणा झाली तेव्हा चारही कादंबऱ्या लिहून झालेल्या होत्या. अर्थात त्यांच्यामागे अनेक वर्षं जमवलेला वाचकवर्ग होता. तसा आकडा आपल्या वाट्याला येणार नाही, पण क्रम उचलायला काय हरकत आहे? त्यांच्या संकेतस्थळावर चालू पुस्तकं किती टक्के झाली हे दाखवणाऱ्या पट्ट्याही असतात. प्रगती सांगायची आणि तारखेत अडकायचं नाही, यासाठी ही युक्ती उत्तम.

अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-बुकसाठी प्रीऑर्डर, म्हणजे प्रकाशनाआधीची नोंदणी, लावणार असाल तर हिशेब आणखी काटेकोर हवा. प्रकाशनाच्या एक वर्ष आधीपर्यंत ती लावता येते, पण अंतिम फाइल प्रकाशनाच्या ७२ तास आधी चढलेली असावी लागते. आदल्या रात्री सापडलेली चूक त्या फाइलमध्ये तशीच जाते. म्हणून स्वतःसाठी आठवडाभर आधीची तारीख धरा आणि ती कुणाला सांगू नका.

तिसरी पायरी: बातमी कुठे द्यायची

माझं मत ठाम आहे: आधी ईमेल यादी, मग बाकी सगळं. समाजमाध्यमावर तुमची पोस्ट कुणाला दिसणार हे तिथलं यंत्र ठरवतं. यादी मात्र तुमची असते, उचलून दुसऱ्या सेवेकडे नेता येते. चाळीस जणांची यादी हास्यास्पद वाटते खरी. पण तुमच्या खोलीत चाळीस माणसं तुमची कथा ऐकायला बसली आहेत अशी कल्पना करा, घाम फुटेल.

यादीत फक्त स्वतःहून नाव दिलेली माणसं घ्या. फोनमधले सगळे पत्ते उचलून भरले तर लोक ‘स्पॅम’चं बटण दाबतात, आणि मग ज्यांना पत्र हवं होतं त्यांच्याकडेही ते पोचेनासं होतं. युरोपातल्या वाचकांच्या बाबतीत तर मे २०१८पासून लागू असलेला जीडीपीआर हा खासगी माहिती जपणारा कायदाही आडवा येतो. बाहेर पडायची लिंक प्रत्येक पत्रात असलीच पाहिजे. कुणी बाहेर पडलं तर रुसू नका; रहस्यकथा न आवडणारा वाचक यादीतून गेलेलाच बरा.

आता थोडं तांत्रिक, पण टाळू नये असं. मोफत जीमेल पत्त्यावरून, घाऊक ईमेल पाठवणाऱ्या तिसऱ्याच सेवेमार्फत शेकडो पत्रं पाठवली की ती संशयास्पद ठरतात. पत्र खरंच तुमच्याकडून आलंय याची खूण पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम अशा नोंदी असतात. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू त्याबाबत कडक झाले. उपाय म्हणजे स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्यायचं आणि पाठवणाऱ्या सेवेनं दिलेल्या नोंदी त्यात भरायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे, एकदाच करायचं. अमेरिकेत पोचणाऱ्या व्यावसायिक ईमेलमध्ये टपालाचा पत्ता द्यावा लागतो, असा तिथला २००३चा कायदा सांगतो. भयकथा लिहिणाऱ्यानं स्वतःच्या घराचा पत्ता अनोळखी लोकांना वाटू नये असं मला वाटतं. पोस्ट बॉक्स चालतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढून बातमी देऊ नका. गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि तिसऱ्या दिवशी तिथे सुप्रभात सुरू होतं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. चॅनेल त्यातल्या त्यात बरं, तिथे एका वाचकाचा नंबर दुसऱ्या वाचकाला दिसत नाही. इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबता येत नाही, हे नवखे विसरतात आणि लांबलचक पत्ता चिकटवून ठेवतात. लिंक प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीत द्या.

चौथी पायरी: मजकूर

इथे मात्र वेळ घाला. समजा तुमची भयकादंबरी एका दीपगृहाच्या रखवालदाराची आहे. नवखा लेखक तिची बातमी बहुधा अशी देतो:

‘मानवी मनाच्या खोल गर्तेचा वेध घेणारी, अंगावर काटा आणणारी, पहिल्या पानापासून खिळवून ठेवणारी थरारक कादंबरी लवकरच!’

यातून कळलं काय? लेखकाला विशेषणं येतात. दीपगृह कुठे गेलं? रखवालदार कुठे गेला? ‘अंगावर काटा आणणारी’ म्हणायचा हक्क वाचकाचा. आपण फक्त काटा येईल असं काहीतरी त्याच्यापुढे ठेवायचं. आता हे बघा:

‘विषय: उद्याची नोंद आजच लिहिलेली

नमस्कार,
दीपगृहाचा रखवालदार रोज रात्री नोंदवही लिहितो: वारा, लाटा, उरलेलं तेल. एका रात्री वही उघडतो, तर उद्याच्या तारखेखाली मजकूर आहे. अक्षर त्याचंच. शेवटची ओळ: “दार मी उघडलं.”

ही माझी नवी भयकादंबरी, १६० पानांची. ई-बुक येत्या १२ तारखेपासून मिळेल. पहिलं प्रकरण आजच इथे वाचता येईल.

रक्तपात फारसा नाही. एका लहान मुलाचा मृत्यू आहे, ते आधीच सांगतो.

या पत्राला उत्तर दिलंत तर ते थेट माझ्याकडे येतं.’

पहिल्या परिच्छेदात फक्त प्रसंग आहे. ‘वारा, लाटा, उरलेलं तेल’ या तीन गोष्टींनी माणसाचा रोजचा रटाळ क्रम उभा राहतो, म्हणून तो मोडल्यावर दचकायला होतं. ‘दार उघडलं’ असं मी आधी लिहिलं होतं. ‘मी’ आला आणि दार उघडणारा कोण हा प्रश्नच उलटा झाला. मग पानं, तारीख, आणि एकच लिंक. तीन लिंका दिल्या तर वाचक कोणतीच दाबत नाही, हे मी माझ्या यादीवर अनेकदा पाहिलंय. मुलाच्या मृत्यूची सूचना दिल्यानं विक्री घटते अशी भीती असते. माझा अनुभव वेगळा आहे. ज्याला ते झेपणार नाही तो वाचक आधीच बाजूला होतो आणि नंतर रागावून एक तारा देत नाही.

विषयाची ओळ छोटी ठेवा, फोनवर लांब ओळ मधेच तुटते. तिच्यापुढे पत्रातला पहिला मजकूर फिकट अक्षरात दिसतो. तिथे ‘पत्र नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’ असं आलं की सोन्यासारखी जागा फुकट गेली. तो साचा काढून टाका.

कथाप्रकारानुसार आमिष बदलतं. रहस्यकथेत प्रश्न पुढे करा, विज्ञानकथेत ‘असं झालं तर’ ही कल्पना. प्रणयकथेच्या वाचकाला दोघं कोण आणि त्यांच्या आड काय येतंय, हे लगेच हवं असतं. अद्भुतकथेत तर नकाशा हीच मोठी बातमी! आणि प्रकार लपवू नका. ‘ही रूढ अर्थानं भयकथा नाही’ असं भारदस्त वाक्य लिहिलं की भयकथेचे वाचक जातात आणि भारदस्त वाचक येत नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी जपाव्यात. पहिली फाँटची. अक्षरजुळणी छपाईच्या जुन्या डीटीपी फाँटात केली असेल तर तो मजकूर ईमेलमध्ये चिकटवल्यावर कंस, टिंबं आणि रोमन चिन्हांचा खच पडतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर पुन्हा एकदा वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात. दुसरी आकाराची. साधारण १०२ केबीपेक्षा मोठं पत्र जीमेल मधेच कापतं आणि उरलेलं पाहायला वेगळी लिंक देतं. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, रोमन अक्षर १. म्हणजे ‘की’ या इवल्याशा अक्षराला, क आणि वेलांटी मिळून, ६ बाइट. त्यात रंगीबेरंगी साच्याचा कोड मिसळला की अख्खं प्रकरण पत्रात घालणाऱ्याचं पत्र कापलं जातं, आणि बाहेर पडायची लिंक नेमकी कापलेल्या भागात जाते. प्रकरण वेगळ्या पानावर ठेवा, पत्रात फक्त लिंक द्या.

पाचवी पायरी: गुपित फोडू नका

मालिका लिहिणाऱ्यांसाठी ही पायरी सगळ्यात निसरडी. माझ्या पहिल्या कादंबरीच्या शेवटी इन्स्पेक्टर नदीत पडतो आणि प्रेत सापडत नाही. दुसऱ्या भागाच्या पत्राला मी विषय दिला: ‘इन्स्पेक्टर परत येतोय.’ स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचं उत्तर आलं: ‘मी कालच शेवटच्या प्रकरणापर्यंत आलो होतो. आभारी आहे.’

आता मी यादीचे दोन भाग केले आहेत. नाव नोंदवताना एकच प्रश्न विचारतो: पहिला भाग वाचला आहे का? वाचलेल्यांना पुढच्या भागाचं पत्र, न वाचलेल्यांना पहिल्या भागाचं. दोन पत्रं लिहायला वीस मिनिटं जास्त लागतात. एवढं जमत नसेल तर दुसऱ्या भागाची बातमी नव्या माणसाभोवती गुंफा: नवा बळी, नवं गाव, नवा आरोप. पहिल्या भागाच्या शेवटी कोण जिवंत होतं याचा उल्लेखच नको.

मलपृष्ठावरचा मजकूर, म्हणजे ब्लर्ब, याच कसोटीवर घासा. कथेच्या पहिल्या पावभागानंतरचं काही त्यात आलं असेल तर काढा.

सहावी पायरी: मुखपृष्ठ

थोडक्यात: विक्रीच्या पानावर तुमचं मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं दिसणार आहे. किंडलसाठी १६०० बाय २५६० पिक्सेलचा आकार आदर्श मानतात, पण पसंत करताना ते लहान करून, हातभर लांबून बघा. देवनागरीच्या बारीक मात्रा आणि अनुस्वार लहान आकारात आधी नाहीसे होतात. नाजूक अक्षरवळण मोठ्या पडद्यावर मोहात पाडतं, तिथेच फसायला होतं. भयकथेचं मुखपृष्ठ भयकथेसारखंच दिसू द्या.

सातवी पायरी: आगाऊ प्रती आणि अभिप्राय

प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी यादीतल्या दहा-वीस उत्सुक वाचकांना प्रत द्या. पत्रात स्वच्छ लिहा: वाचून मनात येईल ते लिहा, नाही लिहिलं तरी चालेल. ‘पाच तारे द्या’ असं मागू नका, आणि प्रतीच्या बदल्यात चांगला अभिप्राय अशी अट तर मुळीच नको. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत ते बसत नाही. घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे अभिप्रायही तिथे चालत नाहीत, सापडले की काढले जातात. मावशीनं प्रेमानं लिहिलेल्या दहा ओळी अशा जातात तेव्हा तिची समजूत काढण्याचं काम आपल्याकडे येतं.

पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ई-बुक फक्त अ‍ॅमेझॉनवरच ठेवायच्या त्यांच्या योजनेत, घालणार असाल तर ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे विकता किंवा फुकट वाटता येत नाही. यादीला भेट म्हणून अख्खी कादंबरी संकेतस्थळावर ठेवली असेल तर ती आधी उतरवा. दहा टक्क्यांपर्यंतचा नमुना ठेवायला परवानगी असते. किंडलच्या पानावर दिसणारा नमुनाही साधारण पहिल्या दहा टक्क्यांचाच असतो. तेव्हा मनोगत, ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका, दोन प्रस्तावना पुढे लावल्या तर वाचकाला नमुन्यात तुमचे आभार वाचायला मिळतात, प्रेत मिळत नाही. ऋणनिर्देश मागे टाका.

आठवी पायरी: प्रकाशनाचा दिवस आणि नंतर

त्या दिवशीचं पत्र सगळ्यात छोटं असावं. पुस्तक आलंय, इथे मिळेल, बस. कथानक आधीच्या पत्रांत सांगून झालेलं असतं. पत्र पाठवण्याआधी विक्रीच्या पानावर पुस्तक खरंच दिसतंय का ते स्वतः पाहा, कारण फाइल चढवली म्हणजे लगेच दुकानात दिसते असं नाही.

पत्र किती जणांनी उघडलं हा आकडा पाहून खचू किंवा फुलू नका. २०२१मध्ये अ‍ॅपलनं आपल्या मेलमध्ये जी गोपनीयतेची सोय आणली, तिच्यामुळे न उघडलेलं पत्रही उघडल्यासारखं मोजलं जातं. लिंक किती जणांनी दाबली आणि उत्तर किती जणांनी दिलं, हे दोनच आकडे मी वहीत लिहितो. उत्तर आलं तर उत्तर द्या. वाचक चूक दाखवतात, तारखांचे घोळ पकडतात; माझ्या तिसऱ्या कादंबरीत अमावास्येच्या रात्री चांदणं पडलं होतं, ते एका वाचकामुळे दुसऱ्या आवृत्तीत मावळलं.

आणि पाठवण्याचं बटण दाबण्याआधी पत्र स्वतःला पाठवा, दुसऱ्याच कुणाच्या फोनवर उघडा, प्रत्येक लिंक बोटानं दाबून बघा. तुमच्या संगणकावर लिंक चालते ती कदाचित तुम्ही लेखकाच्या खात्यात आत असता म्हणून. बाहेरच्याला तिथे पासवर्ड विचारतात. एवढं करूनही चुकीची लिंक गेलीच, तर दुसरं पत्र शक्यतो लिंक दाबलेल्यांनाच पाठवा, ती कुठे जाते हे फक्त त्यांनाच कळलेलं असतं. विषयात ‘दुरुस्त लिंक’ एवढे दोन शब्द, खाली लिंक, माफीची एक ओळ.